खेळाच्या बाईंकडे पायथन

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या आणि त्यांचे तास कुणाला द्यायचे, असा प्रश्न मोठ्या बाईंपुढं उभा राहिला. गणिताच्या सरांनी दहावीचं निमित्त सांगितलं. विज्ञानाच्या मॅडमनी पाठदुखीचं. मी त्या वेळी हवा गेलेला फुटबॉल काखेत धरून स्टाफरूमच्या दारात उभी होते. पंप शोधायला आले होते. मोठ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचे निम्मे तास पावसात बुडतात. तुम्हीच घ्या."

"बाई, मी पी.टी. शिकवते."

"मग काय झालं? त्या कॉम्प्युटरांना तरी शिस्त लागेल."

सगळे हसले. मीही हसले, कारण मला ती थट्टाच वाटली. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक लागलं, तर नववीच्या पायथनसमोर माझं नाव होतं.

तोवरचं माझं सगळं आयुष्य मैदानावर गेलेलं. गळ्यात शिट्टी आणि डोक्याला टोपी. कोल्हापूरच्या कडेला असलेली आमची मुलींची शाळा. निम्म्या पोरी शहरातल्या, निम्म्या आसपासच्या गावांतून एसटीनं येणाऱ्या. त्यांना खोखो, कबड्डी आणि गेली काही वर्षं फुटबॉल शिकवणं हे माझं काम, आणि ते मला मनापासून आवडतं. कॉम्प्युटरशी माझा संबंध शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यापुरता. पायथन म्हणजे अजगर, एवढं मला माहीत होतं; ती कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा आहे, हे नंतर कळलं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अजगराला शिट्टीवर नाचव."

पहिल्या तासाला मी लॅबमध्ये गेले तेव्हा पोरी आधीच खुर्च्यांवरून भांडत होत्या. एका कॉम्प्युटरला दोघी-तिघी अशी व्यवस्था होती. मी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावरचं वाक्य सगळ्यांना टाइप करायला सांगितलं. प्रिंट लिहायचं, कंसात अवतरणचिन्हं देऊन आपलं नाव लिहायचं, की पडद्यावर नाव उमटतं. फार झालं तर पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं. पण निम्म्या कॉम्प्युटरांवर लाल अक्षरं आली.

"मॅडम, मी पुस्तकात बघूनच लिवलो की. तरी लाल का येतंय?" पहिल्या रांगेतली एक उंच पोरगी म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी लिवलो' असंच बोलतात. मराठीच्या मॅडमनी कितीही डोकं आपटलं तरी त्यात फरक पडलेला नाही. ही पोरगी माझ्या फुटबॉलच्या संघाची गोलकीपर होती. तिच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर मात्र नाव व्यवस्थित उमटलं होतं. मी एकदा या पडद्याकडं, एकदा त्या पडद्याकडं बघत राहिले. शेवटी शेजारणीनंच शोधून काढलं, "तू पहिलं अक्षर मोठं लिवलीयास गं." गोलकीपरनं ते लहान केलं आणि तिचं नाव पडद्यावर आलं. तिनं दोन्ही हात वर केले, जसे ती पेनल्टी अडवल्यावर करते. मलाही तसंच करावंसं वाटलं. मास्तरकीच्या भिडेनं केलं नाही.

पुढच्या तासाला आम्ही बेरीज करायला घेतली. कबड्डीच्या एका संघाचे पहिल्या डावात बारा गुण, दुसऱ्या डावात पंधरा; कॉम्प्युटरनं दोन्ही विचारून घ्यायचे आणि बेरीज सांगायची. कॉम्प्युटरनं सांगितलं, बाराशे पंधरा.

मग मागून आवाज आला, "मॅडम, ह्याला बेरीज येत न्हाय."

"आमच्या घरच्या कॅल्क्युलेटरला येते की," दुसरी म्हणाली.

खेळाच्या मैदानावर मला कुणी काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, असं फार वर्षांत झालं नव्हतं. मी म्हटलं, "याचं उत्तर मला येत नाही. रविवारी तुमच्या मॅडमना विचारून येते."

माझ्या या बोलण्यानं पोरी नाराज झाल्या नाहीत. उलट एकदम खूश झाल्या. त्यांना त्यांच्या मॅडमची आठवण येत होती. "मग आमीच इचारतो की," गोलकीपर म्हणाली आणि माझ्या मोबाइलकडं बोट दाखवलं. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं. एकेक पोरगी पुढं येऊन मोबाइलच्या तोंडाशी तोंड नेऊन आपला प्रश्न विचारू लागली, आणि प्रश्न झाला की शेवटी न चुकता, "बाळ लाथा मारतंय काय वो मॅडम?"

रविवारी मी एसटीनं कोडोलीला गेले. आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमचं ते माहेर. वय माझ्या लेकीएवढं, पण शाळेत माझी मैत्रीणच. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत गाद्यांचं दुकान आहे आणि घर त्याच्याच मागं, त्यामुळं अंगणात कायम कापूस उडत असतो. मी आत गेले तेव्हा ती पाय लांब करून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर नुसता कंटाळा होता. आईनं तिला जिना चढू नको, वाकू नको, मोबाइल बघू नको, अशा सगळ्याच गोष्टींवर बंदी घातली होती. मी पिशवीतून भडंगाचा पुडा काढला. तो तिनं माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"ताई, वर्ग कसा चाललाय?"

"तूच ऐक," म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं.

'ह्याला बेरीज येत न्हाय' हे ऐकल्यावर ती हसायला लागली ती थांबेचना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली. "हळू हस गं, बाळ दचकंल." मग तिनंही उभ्या उभ्या सगळं रेकॉर्डिंग ऐकलं, आणि लाथांचा प्रश्न आल्यावर लेकीच्या आधी तिनंच मोबाइलला उत्तर दिलं, "मारतंय की, लै मारतंय."

हसणं ओसरल्यावर माझ्या या मैत्रिणीनं मला समजावून सांगितलं. कीबोर्डवरून आलेलं काहीही असो, कॉम्प्युटर त्याला आधी अक्षरंच समजतो. बारा म्हणजे त्याच्या लेखी एक आणि दोन अशी दोन चिन्हं. त्याच्यापुढं पंधरा लिहिलं की बाराशे पंधरा. ही अक्षरं नाहीत, संख्या आहे, असं त्याला आपल्याला सांगावं लागतं.

"म्हणजे जर्सीच्या पाठीवरचा नंबर," मी म्हटलं.

"कसा काय?"

"बारा नंबरची पोरगी आणि पंधरा नंबरची पोरगी शेजारी उभ्या राहिल्या तर सत्तावीस नंबरची पोरगी तयार होते काय? पाठीवरचे नंबर ओळखायला असतात, बेरजेला नाही. गोल मोजायचे तर ते वेगळे."

तिनं भडंगाचा पुडा बाजूला ठेवला. "ताई, हे उद्या तसंच सांगा पोरींना."

मी तसंच सांगितलं. दोन पोरी जर्सी घालून पाठमोऱ्या उभ्या केल्या. पुन्हा कधी त्या वर्गात त्या चुकीवर कुणी अडलं नाही, अडलंच तर बाकीच्या ओरडत, "जर्सी काढ की गं त्याची."

तेव्हापासून आमचा तसाच क्रम पडला. आठवडाभर प्रश्न साठायचे, रविवारी मी ते घेऊन कोडोलीला जायचे आणि सोमवारी उत्तरं घेऊन यायचे. मला आधी वाटलं होतं की हे ओझं होईल. पण एसटीत खिडकीपाशी बसून, दोन्ही बाजूंना ऊस बघत जाताना मी मनातल्या मनात प्रश्न घोळवायचे आणि वाटायचं, आपण पुन्हा कॉलेजला निघालोय.

काही गोष्टी मला कुणी न सांगताच कळल्या. ओळीच्या सुरुवातीला जागा सोडून आत लिहायचं असतं, नाहीतर पायथन रुसतो, हे वाचून पोरी वैतागल्या. "चार मोकळ्या जागांनी काय फरक पडतोय, मॅडम?" मला मात्र ते लगेच पटलं. मी त्यांना मैदानावर नेलं. गटप्रमुख पुढं, तिच्या हाताखालच्या पोरी एक पाऊल आत. कुणाचा कोण, हे लांबूनही दिसतं. एक पोरगी चुकून बाहेरच्या रांगेत उभी राहिली तर ती कुणाच्याच गटातली नाही. पोरींनी ते एकदा अंगानं केलं आणि मग लॅबमध्ये त्यांची बोटं आपोआप जागा सोडू लागली.

शून्यानं मात्र फार छळलं. लिस्टमधल्या पहिल्या नावाचा क्रमांक शून्य असतो, हे कुणालाच मान्य होईना. हा प्रश्न विचारणारी पोरगी हुपरीहून यायची. बारीक चणीची, फारसं न बोलणारी, पण मनात आलेलं सोडायची नाही. "मी पळण्यात पहिली आलो तर मला शून्य नंबर देणार काय?" तिनं विचारलं. मी कोडोलीला हा प्रश्न घेऊन गेले. मैत्रीण म्हणाली, "तो नंबर नाहीच ताई. सुरुवातीपासून किती लांब, ते अंतर आहे."

अंतर म्हटल्यावर मला वाट सापडली. सोमवारी लांब उडीच्या खड्ड्याजवळ टेप पसरला. पहिली पोरगी टेपच्या टोकावर उभी केली. "ही टोकापासून किती लांब?"

"लांब न्हायच की. टोकावरच हाय."

"टेपवर काय लिहिलंय तिच्या पायाशी?"

हुपरीच्या पोरीनं वाकून बघितलं. "शून्य." मग ती सरळ झाली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे पाच जणी उभ्या केल्या तर शेवटची चारवर येणार. पाचवर कोणच न्हाय. मग परवा पाच लिवल्यावर एरर आला, त्यो बरोबरच आलता." ती स्वतःशीच मान हलवत राहिली. एखादी गोष्ट कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी मैदानावर पुष्कळदा बघितलंय, पण एवढ्या जवळून क्वचित.

आणि एकदा लूपचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेण्याचा, घोटाळा झाला. मी पोरींना सांगितलं होतं, मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा प्रोग्रॅम लिहा. फेरी झाली की पडद्यावर 'पळ' असं यायला हवं. गोलकीपरनं लिहिला. फेऱ्या पाचापेक्षा कमी आहेत तोवर पळ, असं त्यात होतं. पण प्रत्येक फेरीनंतर मोजणी एकनं वाढवायची ती विसरली. पडद्यावर 'पळ' 'पळ' 'पळ' असा धबधबा सुरू झाला. सगळ्या पोरी तिच्याभोवती जमल्या.

"थांबव की गं."

"थांबेना झालंय. पळायलंय नुसतं."

मी शिट्टी वाजवली. सवयीनंच. त्याचा उपयोग व्हायचं कारण नव्हतं. मग घाबरून मी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं, आणि सगळी लॅब अंधारात गेली. बाकीच्या पोरींचं लिहिलेलं सगळं गेलं, पण एकीनंही तक्रार केली नाही, कारण त्या हसण्यातून बाहेरच येत नव्हत्या. रविवारी हे ऐकून कोडोलीत पुन्हा हसण्याची लाट आली. कंट्रोल आणि सी अशी दोन बटणं एकदम दाबली की लूप थांबतो, हे त्या दिवशी मला कळलं. तिच्या आईनं मला परत निघताना डब्यात खिचडा भरून दिला आणि म्हणाली, "तुम्ही येतासा म्हणून ही आठवडाभर बरी ऱ्हाती. येत जावा."

थंडी सुरू झाली तसे शाळेला क्रीडामहोत्सवाचे वेध लागले. वर्गावर्गांतल्या फुटबॉलमध्ये कुणाची मॅच कुणाशी, हे आम्ही दर वर्षी डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरवतो, आणि दर वर्षी कुणीतरी चिठ्ठी दुमडलेली होती, मॅडमच्या लाडक्या वर्गाला सोपी टीम आली, असं म्हणतंच. यंदा नववीच्या पोरी म्हणाल्या, "पायथननं काढूया." सगळ्या संघांची लिस्ट करायची, ती कॉम्प्युटरनं पत्त्यांसारखी पिसायची, आणि वरून दोन-दोन नावं घेत जायची. पिसायचं काम करणारं एक तयार सामान पायथनमध्ये असतं, त्याचं नाव रँडम. मैत्रिणीनं मला ते शिकवलं आणि मी पोरींना. तिनं सांगितलं होतं की त्या दिवशी ती घरून व्हिडिओ कॉलवर बघणार. बाळाला अजून अवकाश होता.

त्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. रात्रीच तिला कोल्हापूरला दवाखान्यात आणलं होतं. "काळजीचं काय न्हाय, डॉक्टर म्हणत्यात. पण तिनं सांगितलंय, पोरींना सांगा घाबरू नका." मी पोरींना निरोप सांगितला. त्या घाबरल्या नाहीत. मीच घाबरले.

शाळेच्या हॉलमध्ये पालक बसले होते, मोठ्या बाई पहिल्या रांगेत. पडद्यावर प्रोजेक्टर लावला. हुपरीची पोरगी कॉम्प्युटरवर बसली आणि तिनं प्रोग्रॅम चालवला. संघांची नावं येण्याऐवजी लाल अक्षरं आली. तिनं पुन्हा चालवला. पुन्हा लाल. रँडमकडं पिसायचं कामच नाही, असं काहीतरी तो म्हणत होता.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एक पालक मागून म्हणाले, "डबा आणा की वो मॅडम."

"काल चाललेला की," गोलकीपर माझ्या कानाशी म्हणाली. "त्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर. ह्यो प्रोग्रॅम पण त्योच हाय, मी हितं अक्षर अन् अक्षर बघून लिवलो."

विचारायला कुणी नव्हतं. मी फोन हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. प्रसूतीच्या खोलीत कुणाला फोन करणार? मग मला पहिला तास आठवला, एक चालणारा पडदा आणि एक न चालणारा. मी म्हटलं, "काल आणि आज, काय वेगळं आहे ते सांगा. लिहिलेलं तेच आहे. मग काय वेगळं?"

हुपरीची पोरगी पडद्याकडं बघत राहिली. "नाव," ती म्हणाली. "कालच्या फाइलला मी 'मॅच' नाव दिलतो. आज हिनं फाइलला 'रँडम' नाव दिलंय."

गोलकीपर म्हणाली, "रँडम वापरायचंय म्हणून रँडम दिलो. चुकलं काय?"

आणि मला ते कळलं. ते कसं कळलं हे मला आजही आनंद देतं. माझ्या संघात एकाच नावाच्या दोन पोरी आहेत. मैदानावर त्या नावानं हाक मारली की जी जवळ असते तीच धावत येते, मला हवी असो किंवा नसो. आमच्या फाइलनं रँडमला हाक मारली, तर सगळ्यात जवळ रँडम नावाची ती स्वतःच होती. स्वतःलाच हाक मारून स्वतःच आली. तिला पिसता कुठं येतंय?

"नाव बदल," मी म्हटलं.

तिनं बदललं. तिनं बटण दाबलं आणि पडद्यावर एकेक जोडी उतरू लागली. आठवी अ विरुद्ध दहावी ब. पोरींनी जो आवाज केला तो बहुतेक रस्त्यापर्यंत गेला असेल. नववीला यंदा सगळ्यात अवघड संघ आला, त्यामुळं मॅडमनी सोपी टीम दिली असं म्हणायलाही कुणाला जागा राहिली नाही. मोठ्या बाईंनी मागं वळून मला हातानं 'छान' अशी खूण केली.

दुपारी मैदानावर नववीची मॅच चालू असताना फोन आला. मुलगी झाली होती आणि दोघी सुखरूप होत्या. मी मॅच थांबवली. रेफरीनं असं करू नये, पण केलं. माइक घेऊन सांगितलं. दोन्ही संघांच्या पोरी मैदानाच्या मध्यावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मला त्यांना परत आपापल्या जागी उभं करायला बराच वेळ लागला. मॅच आम्ही हरलो. गोलकीपरच्या हातून एक साधा गोल गेला, पण त्या दिवशी तिला कुणीच काही बोललं नाही.

मैत्रीण बाळाला घेऊन कोडोलीला परतल्यावर पोरी माझ्या मागं लागल्या. घरच्यांची परवानगी घेऊन त्यांतल्या काही जणींना मी एका रविवारी घेऊन गेले. तिच्या आईनं अंगणात सतरंजी टाकली, सगळ्यांना पोटभर खायला घातलं. वडिलांनी बाळासाठी नवी शिवलेली, हातभर लांबीची गादी आणून दाखवली. पोरी ओळीनं हात धुऊन बाळाला मांडीवर घेत होत्या आणि त्याच वेळी मॅडमना प्रश्न विचारत होत्या. बरोबरीचं चिन्ह एकदा कधी आणि दोनदा कधी? किंमत ठेवायला एकदा, सारखी आहे का विचारायला दोनदा, तिनं सांगितलं. बाळाच्या टोपीची नाडी बांधता बांधता.

"तुम्ही कधी येणार, मॅडम?" हुपरीच्या पोरीनं विचारलं.

"रजा संपली की."

मला ते ऐकून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

रजा संपली आणि ती परत आली. मी लॅबची किल्ली तिच्या हातात दिली आणि मैदानावर गेले. त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मैत्रीण तिथं आधीच बसलेली होती आणि खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवत होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "या म्हणतात, आठवी आणि दहावी मी घेते, नववीचा पायथन ताईंकडंच राहू दे. मैदानावर शिकवलेलं पोरींच्या डोक्यात राहतंय म्हणे. तुम्हाला चालेल का?"

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात फंक्शन हा धडा घ्यायचाय, आणि तो मला अजून नीट समजलेला नाही.